भारीतला मेटल डिटेक्टर घेतला, आता तो नुसता ओरडतोय. ठेवू की विकू?

ढेकूळ
नमस्कार मंडळी. मी लिंकनशरमध्ये राहतो. इंग्लंडचा हा भाग म्हणजे सपाट शेती, गहू, बटाटा, शुगर बीट आणि वारा. गेल्या वर्षी शेजारच्या निवृत्त पोस्टमनसोबत दोनदा त्याच्या 'डिटेक्टिंग'ला गेलो. त्याच्याकडे साधा गॅरेट एस ३००आय आहे. पहिल्याच दिवशी मला जुन्या बंदुकीची शिशाची गोळी सापडली, बोराएवढी, आणि तिथंच मला किडा चावला.

आता माझा स्वभाव असा की सायकल शिकायच्या आधी गिअरची सायकल घ्यायची. तीन महिने रात्री व्हिडिओ बघितले आणि वापरलेला माइनलॅब इक्विनॉक्स ८०० घेऊन आलो. शेजाऱ्याच्या ओळखीनं एका शेतकऱ्यानं गव्हाच्या रानात फिरायची तोंडी परवानगीही दिली. आणि इथून रडगाणं सुरू. पडद्यावर उणे ९ ते ४० असे आकडे येतात, पण एकाच जागी १३, मग २१, मग उणे ४, मग गप्प. यंत्र अखंड किचकिचतं, रात्री डोळे मिटले तरी कानात तेच. चार रविवारची कमाई: खिळे ६, चुरगळलेली चांदी (अॅल्युमिनियमची), आणि एक काडतुसाचं पितळी बूड. बायको भंगारवाल्याची आरोळी ठोकून स्वागत करते.

प्रश्न असा. यंत्रच बिघडलेलं आहे का? हे विकून शेजाऱ्यासारखं साधं घ्यावं, की आणखी वरचं, म्हणजे मँटिकोर किंवा एक्सपीचं ड्यूस २? की हेच शिकावं, आणि शिकावं तर कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस_तात्या
पायाळू माणूस शोधा. बॅटरी लागत नाही.

गोदाकाठ
वाचतोय. अवांतर: हे यंत्र भारतात आणता येईल का? आमच्या नाशिककडच्या रानात नांगरताना आजोबांना तांब्याची नाणी सापडायची असं ऐकलंय.

मातीचे_पाय
ढेकूळराव, मी केंटमध्ये ९ वर्षं हा उद्योग करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी 'बिघडलंय का' ते बघू. रानाच्या मधोमध उभे राहा, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल तबकडी, जमिनीपासून हातभर वर धरा आणि हलवू नका. तरीही बडबड चालू राहिली तर त्रास हवेतला आहे: विजेचे मनोरे, मेंढरांसाठी लावलेलं वीजकुंपण, किंवा तुमच्याच खिशातला फोन. नॉइज कॅन्सल (हवेतला गोंगाट गाळायची सोय) मारा, फोन पाठीवरच्या पिशवीत टाका. न हलवता गप्प आणि हलवल्यावर बडबड असेल तर त्रास जमिनीतला आहे. हे दोन्ही नसून केबलला हात लावला की ओरडत असेल तर जोड ढिला आहे. आणि कॉइलखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढून बघा. आत ओली माती साचली की यंत्र त्या मातीशीच बोलत बसतं. वापरलेलं घेतलंय म्हणता, आधीच्या मालकानं ते कधी उघडलं नसणार.

पायात काय घालता? पुढं लोखंडी टोपी असलेले बूट असतील तर प्रत्येक फेरीच्या टोकाला तुम्ही स्वतःच सापडताय.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान, किती ठेवली आहे? पैज लावतो, सगळ्यात वरची, २५.

ढेकूळ
२५. 😐 बूटही तसलेच. कामावरचे आहेत.

तिरकस_तात्या
चला, पहिला खजिना सापडला. ढेकूळरावांच्या पायातच होता.

टाकसाळ
तात्या, हसू नका, याला मोठी परंपरा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली, डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी तेव्हा विजेच्या तोलावर चालणारं धातुशोधक यंत्र घाईनं जमवलं. इतरांवर चाचणी घेतली तेव्हा ते चाललं. राष्ट्राध्यक्षांवर फिरवलं तर ठिकठिकाणी आवाज. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांचा हट्ट होता की गोळी उजव्याच बाजूला आहे, तिथंच शोधा. गोळी डावीकडं होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. तेव्हा बूट बदला.

मातीचे_पाय
टाकसाळ, झकास. आता पुढचं.

२५ म्हणजे बहिऱ्या आजोबांच्या कानातलं यंत्र लग्नाच्या मांडवात फुल्ल करण्यासारखं आहे. सगळं ऐकू येतं आणि काहीच कळत नाही. १८ वर आणा, कुंपणाजवळ १६. दोन इंच खोली गेली तर जाऊ द्या. सुरुवातीला आपण जे चुकवतो ते खोल असतं म्हणून चुकत नाही, गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून चुकतं.

आकड्यांचं. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि ते प्रवाह उलट जे क्षेत्र पाठवतात ते थोडं उशिरा परततं. हा उशीर किती, त्यावरून यंत्र आकडा बेततं. जाड तांबं किंवा चांदी असेल तर उशीर जास्त, आकडा मोठा. पातळ फॉइल असेल तर आकडा लहान. यातली गोम अशी की आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू, जाडी, आकार, ती वस्तू जमिनीत आडवी आहे की उभी, या सगळ्यांचा तो मिळून झालेला काला असतो. म्हणून सोन्याची नाजूक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी एकाच आकड्यावर येतात. 'कड्या नकोत' म्हणून तेवढे आकडे बंद केले की अंगठीही गेली. म्हातारे डिटेक्टरवाले पडद्याकडं बघत नाहीत, कानानं चालतात.

तुमचं १३, २१, उणे ४ म्हणजे बहुतेक वाकडा खिळा किंवा गंजलेला पत्रा. तपासायची रीत: जिथं आवाज आला तिथंच थांबा, कॉइल अगदी थोडी हलवा, मग स्वतः ९० अंश फिरून दुसऱ्या दिशेनं हलवा. दोन्ही बाजूंनी एकसारखा, गोल, कडा असलेला आवाज आला तर खणा. एका बाजूनं वाजलं आणि दुसऱ्या बाजूनं खरखरलं तर लोखंड.

असं मी शहाण्यासारखं सांगतोय, पण पहिले तीन महिने तुम्ही खरखरणारंही खणा. खणल्याशिवाय आवाज आणि वस्तू यांची गाठ डोक्यात बसत नाही.

गोदाकाठ
माझा प्रश्न राहिला.

खापरी
गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाला मीच उत्तर देते, कारण मला हा धागा वाचून मघापासून कसंतरी होतंय. मी पुण्यात पुरातत्त्व शिकले, काही वर्षं उत्खननावर काम केलंय.

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वेगळाच, त्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणंही येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा 'आजोबांना सापडायची' इथंच थांबा.

आणि हे नुसतं कायद्याचं नाही. मार्च २०२५ मध्ये एक ऐतिहासिक सिनेमा बघून बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मुघलांचं सोनं शोधायला शेतं खणत होते, बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतील. अशा खड्ड्यातून नाणं निघतं आणि माहिती मरते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली. ती कुठं, कोणत्या वस्तूंसोबत मिळाली हे नोंदलं गेलं, म्हणून सातवाहनकाळातल्या रोमन व्यापाराबद्दल ती आज काही सांगू शकते. तीच मूर्ती कुणी रात्री उकरून विकली असती तर आज ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू असती.

मला हा छंदच पटत नाही. बोलले.

मातीचे_पाय
खापरीताई, राग समजतो. पण लिंकनशरचं रान आणि असीरगड एका पारड्यात घालू नका.

इथं मी खणतो ती नांगरट होणारी वरची वीतभर माती. तिथले थर दोनशे वर्षांपूर्वीच मोडलेत, आणि वरची वस्तू दर वर्षी फाळ आणि रासायनिक खत यांच्या तावडीत असते. १९९७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' आहे. मी सापडलेल्या वस्तूची जागा नकाशावर टिपतो आणि आमच्या जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तू नोंदणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवतो. त्या नोंदींची संख्या आज दहा लाखांच्या कितीतरी पुढं गेली आहे आणि संशोधक त्या वापरतात.

खापरी
संख्या माहीत आहे. लेमिन्स्टरचं प्रकरणही माहीत आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला, साधारण ३०० नाणी. त्यांनी कळवलंच नाही, परस्पर विकायला काढली. त्यांच्या खटल्यापर्यंत हाती लागली ती तिसेक. ज्या नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेत, म्हणजे ज्यांच्यामुळे दोघांच्या संबंधाचा इतिहास नव्यानं मांडावा लागला, तीच नाणी. बाकीची कुठं आहेत?

मातीचे_पाय
२०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले, आणि आमच्या क्लबात कुणालाही वाईट वाटलं नाही. कळवलं असतं तर शेतमालकाबरोबर वाटून कायदेशीर मोबदला मिळाला असता. स्टॅफर्डशरचा ठेवा आठवा: २००९, शेतात सापडला, रीतसर कळवला, किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, निम्मे शोधणाऱ्याला, निम्मे शेतकऱ्याला. यांनी लोभात कायदाही घालवला आणि हिशोबही.

ढेकूळराव, हे तुमच्यासाठीही. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं. एकटं सुटं नाणं त्यात येत नाही, पण एकाच ठेव्यातली दोन सोन्या-चांदीची नाणी आली की येतं. जुलै २०२३ पासून २०० वर्षांवरच्या, विशेष महत्त्वाच्या वस्तूही घेतल्यात, मग धातू कुठलाही असो. 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट'वर, म्हणजे संरक्षित स्मारकावर, यंत्र नुसतं फिरवणंही गुन्हा, तेव्हा शेताचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर आधी बघा. आणि ती तोंडी परवानगी लेखी करून घ्या, सापडलेल्या वस्तूची वाटणी त्यातच लिहा. स्कॉटलंडला सुट्टीत यंत्र नेणार असाल तर तिथला कायदा निराळा आहे. तिथं सापडलेल्या जुन्या वस्तूवर पहिला हक्क राजसत्तेचा.

खापरी
हे एवढं सगळे पाळत असते तर मी बोललेच नसते. असो. खणाल तर निदान नांगराच्या थराखाली जाऊ नका. खाली काही मोठं लागलं तर हात काढा आणि फोन करा. स्टॅफर्डशरपेक्षा सफोकमधल्या हॉक्सनचं उदाहरण मला जास्त आवडतं. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला, तो शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन आला आणि रोमन सोनं-चांदी लागली. त्यांनी सगळं उपसलं नाही, कळवलं. म्हणून पुरातत्त्ववाल्यांना लाकडी पेटीचे अवशेष आणि आतली मांडणी बघायला मिळाली. हातोडाही मिळाला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तिरकस_तात्या
आमच्याकडं उसनी नेलेली पक्कड अजून आली नाही. कुठल्या म्युझियममध्ये बघू?

जांभा
कोकणातून राम राम. तीन वर्षांपूर्वी बहिणीची साखरपुड्याची अंगठी आमच्या गावच्या किनाऱ्यावर पडली. एका ठेकेदाराकडून डिटेक्टर आणला, साधा, एकाच फ्रीक्वेन्सीचा. कोरड्या वाळूत बरा चालला. ओल्या वाळूत गेलो आणि जे काही सुरू झालं, वाटलं अख्खा समुद्र सोन्याचा आहे. अंगठी नाहीच मिळाली. असं का होतं? वरती अंगणात जांभ्यावर तर त्याहून वाईट.

लोणचेवाली
या धाग्यावर माझं काय काम असं वाटत होतं, पण जांभा यांचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी सांगलीकडं एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. आमच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर मेटल डिटेक्टर आहे, पाकीट बोगद्यातून जातं.

कोरडं पोह्याचं पाकीट विनातक्रार जातं. तेच लोणचं किंवा ओली चटणी पाठवली की धातू नसतानाही यंत्र बोंबलतं. कारण मीठ आणि ओलावा एकत्र आले की माल स्वतःच वीज वाहतो, आणि यंत्राला तो पातळ धातूसारखा दिसतो. तुमची ओली वाळू म्हणजे एक प्रचंड लोणच्याचं पाकीट आहे. आम्ही काय करतो, तर आधी चांगली, खात्रीची पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवून यंत्राला शिकवतो, 'बाळा, हे लोणचं, याला ओरडायचं नाही.' मग दर तासाला लोखंड, पितळ आणि स्टेनलेस स्टीलचे ठरावीक मापाचे मणी लावलेल्या पट्ट्या पाठवून बघतो की खरंच पकडतंय ना. स्टेनलेस सगळ्यात छळतं.

माझा प्रश्न ढेकूळ यांना: तुम्ही यंत्राला तुमचं शेत शिकवलं का?

मातीचे_पाय
लोणचेवालीताई, साष्टांग. ९ वर्षांत 'ग्राउंड बॅलन्स' मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

ढेकूळराव, ताईंचंच तुमच्या यंत्रावर सांगतो. धातू नाही अशी जागा शोधा, ग्राउंड बॅलन्समध्ये जाऊन बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून विहिरीतल्या पोहऱ्यासारखी वरखाली करा. आकडा स्थिरावला की सोडा. मग ताईंच्या मण्यांसारखं: परसात बाग करा. एक पेनी, एक जुनं चांदीचं नाणं, एक कडी, एक खिळा, आणि एका खिळ्याशेजारी चिकटून नाणं, असं चार ते सहा इंचांवर पुरा आणि वर खुणेच्या काड्या लावा. रोज चहा होईपर्यंत दहा मिनिटं त्यावरून कॉइल फिरवा. हवेत नाणं धरून 'इतक्या इंचांवरून पकडलं' असं जे व्हिडिओत दाखवतात त्याला फार भुलू नका, जमिनीत सगळं बदलतं.

लालमाती_पर्थ
पश्चिम ऑस्ट्रेलियातून. जांभा, तुमच्या अंगणाचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण आमचीही माती लाल, लोहयुक्त. जांभ्यात लोहाची चुंबकीय खनिजं ठासून असतात. कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः रत्नागिरीकडं, इल्मेनाइटची काळी वाळूही आहे. वर खारं पाणी. एका फ्रीक्वेन्सीच्या यंत्राला एक तर मीठ सांभाळता येतं नाही तर लोह, दोन्ही नाही. ढेकूळ यांचं यंत्र एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरतं आणि त्यांच्या फरकातून मीठ-माती वजा करतं. अंगठीच्या वेळी तुम्हाला ते हवं होतं.

मी मात्र सोन्याचे खडे शोधतो, त्यासाठी पल्स इंडक्शन लागतं. माझ्याकडं त्या जातीचं जीपीएक्स ५००० आहे. ते विजेचा झटका जमिनीत सोडतं, थांबतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. मातीचा प्रतिध्वनी लवकर विरतो, धातूचा रेंगाळतो. लोहयुक्त मातीत खोल जातं, पण लोखंड आणि सोनं यांत भेद करायची त्याची अक्कल यथातथाच. तुमच्या गव्हाच्या रानात पल्स आणलं तर तुम्ही खिळ्यांचं दुकान टाकाल. इथं सरकारी जमिनीवर फिरायला 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो, तो माझ्याकडं आहे. सोनं विचारू नका. पेट्रोल निघतं, कधीकधी.

म्हणून 'सगळ्यात भारी यंत्र कोणतं' हा प्रश्नच उलटा आहे. आधी माती आणि हवी ती वस्तू सांगा, मग यंत्र.

गोदाकाठ
मला एका जाहिरातीत दोन काड्यांसारखे अँटेना असलेलं यंत्र दिसलं. एक किलोमीटरवरून सोनं दाखवतं म्हणे, आणि हिराही. किंमत ८५ हजार.

लालमाती_पर्थ
पळा.

लोणचेवाली
आमच्या डिटेक्टरच्या बोगद्यात माल जातो तेव्हा कुठं त्याला तीन मिलिमीटरचा मणी सापडतो. एक किलोमीटर!

टाकसाळ
गोदाकाठ, गंमत नाही. अशाच काड्यांचं यंत्र एका ब्रिटिश व्यापाऱ्यानं 'बाँब शोधक' म्हणून इराकला विकलं, नाव एडीई ६५१. मूळ कल्पना हरवलेले गोल्फ बॉल शोधायच्या खेळण्याची. आत चालणारं काही नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर लोक त्याच्या भरवशावर उभे होते. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. काडी हलते ती धरणाऱ्याच्या मनगटानं.

तिरकस_तात्या
म्हणजे आमचा पायाळू माणूस स्वस्त पडला.

खापरी
तात्या, गुप्तधनासाठी पायाळू शोधणाऱ्यांनी आपल्याकडं काय काय केलंय ते आठवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार उगीच नाही घातलेले.

तिरकस_तात्या
खरं आहे. माफी. हा विनोद मागे घेतो, पहिलाही.

जांभा
अवांतर होतंय पण परसात बाग हा प्रकार मला आवडला. आजीला सांगितलं तर म्हणाली, 'पैसे पुरून ठेवायचे आणि यंत्रानं शोधायचे, यासाठी शिकवलं तुला?'

टाकसाळ
डिटेक्टरवाल्यांच्या बाजूनंही एक सांगतो, खापरीताईंना राग येणार नाही असं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं हजला जाऊन सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं. ईस्ट इंडिया कंपनीचे धाबे दणाणले, सुरतेचे इंग्रज कैदेत पडले. एव्हरी पुढं गायब. २०१४ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका फळबागेत एका हौशी माणसाच्या डिटेक्टरला १६९३ चं येमेनी चांदीचं नाणं लागलं. लाल समुद्रावरचं नाणं अमेरिकेच्या वसाहतीत कसं पोचलं, याचा माग काढताना एव्हरीच्या टोळीकडं बोट गेलं. एक नाणं, जागा टिपलेली. खात्रीचा पुरावा नव्हे, पण धागा आहे.

खापरी
जागा टिपलेली, हे तुम्हीच म्हणालात. बास.

ढेकूळ
मंडळी, सहा आठवड्यांनी उगवतोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

आधी कबुली. केबल ठीक होती. कॉइलच्या झाकणात मात्र अर्धा वाडगा चिखल निघाला. रबरी बूट घेतले. फोन पिशवीत. सेन्सिटिव्हिटी १७. किचकिच निम्म्याहून जास्त गेली आणि मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

पण सगळी गेली नाही. म्हणून शेतकऱ्याला विचारलं की या रानात काही टाकलंय का. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेकडचं कंपोस्ट पसरलं होतं. घरोघरच्या कचऱ्याचं ते खत, त्यात डबे, फॉइल, पेनांची टोपणं, सगळं दळून कणाकणानं मिसळलेलं. म्हणजे चार रविवार मी लिंकनशरच्या नागरिकांचा कचरा वेचत होतो. इथल्या शेजारी पोस्टमनला सांगितलं तर त्यानं 'ग्रीन वेस्ट' एवढे दोनच शब्द उच्चारले आणि टोपी काढली, मयताला काढतात तशी.

परवानगी आता लेखी आहे. कागद घेऊन गेलो तर शेतकऱ्याची बायको बाहेर आली, म्हणाली मागच्या गोठ्याजवळच्या कुरणात माझ्या सासऱ्यांनी ट्रॅक्टरची टो-पिन टाकली होती, बघ मिळते का. हॉक्सनचा हातोडा आठवला. दोन तास फिरलो. पिन मिळाली नाही. पण ते कुरण कधी कंपोस्ट न पडलेलं, शांत! पहिल्यांदा मला यंत्राची शांतता ऐकू आली. आणि त्या शांततेत आवाज आला की कळतं, हा बोलतोय.

परसातल्या बागेत खिळ्याशेजारचं नाणं मला २३ व्या दिवशी ऐकू आलं. तोवर तिथं नुसता खिळा आहे असंच वाटायचं. यंत्रातलं काहीच बदललं नव्हतं, हात सावकाश झाला होता. आजीचं सोलापूरहून आणलेलं खुरपं वापरतो, विकतच्या खुरप्यापेक्षा बरं. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडायचा, वस्तू काढायची, झाकण लावून पाय द्यायचा. शेतकरी येऊन खड्डे शोधत होता, त्याला सापडले नाहीत. त्यानं पलीकडचं रानही दिलं.

आतापर्यंतचा हिशोब: शिशाच्या गोळ्या ४, बटणं ११, एक बोटात घालायचं शिवणकामाचं टोपण, खिळे मोजणं सोडलं. विकत नाही. मँटिकोरही घेत नाही.

आणि परवा ३३-३४ चा एक घट्ट, जाड आवाज. पाच इंचांवर तांब्याचा मोठा, जड पेनी. कडा उंच, एका बाजूला राजा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला १७९७. टाकसाळसाहेब, काही सांगाल?

मातीचे_पाय
२३ व्या दिवशी! मला दोन महिने लागले होते.

टाकसाळ
वा! हा 'कार्टव्हील' पेनी. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेला, वजन बरोबर एक औंस ठरवलेलं, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास. बाजारात मोल फार नाही, पण आपल्याला त्याच्याशी नातं सांगता येतं. याच बोल्टननं १७९१ आणि १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडून जहाजानं पाठवली. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात ती तराजूची नाणी अजून मिळतात. तुमचा पेनी आणि ती नाणी एकाच छपराखालची भावंडं.

वजन करून सांगा. आणि फोटो टाका, पण घासू नका. तांब्यावर दोनशे वर्षांत जो हिरवा-तपकिरी थर चढतो तोच त्याचा जीव. पाण्यात बुडवायचं, मऊ ब्रश, बस्स.

खापरी
जागा टिपलीत का?

ढेकूळ
टिपली ताई, नकाशावरच्या आठ आकडी खुणेनं.

टाकसाळसाहेब, वजन २६ ग्रॅम. फोटो टाकत नाही. सध्या सासूबाई आल्यात सोलापूरहून. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला होता, त्यांना वाटलं देव्हाऱ्यातलं काही आहे. चिंच आणि मीठ लावून लख्ख केलाय. चेहरा दिसतो त्यात. राजाचा नाही, माझा.

टाकसाळ
मी थोडा वेळ बाहेर जाऊन येतो.